वरची कडी

"आडनाव आपण होऊन सांगायचं नाही," मी म्हणाले. "विचारलं तर खोटंही सांगायचं नाही. फक्त विचारायची वेळ येऊ द्यायची नाही."

नौपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीच्या फाटकाबाहेर आम्ही तिघं उभे होतो. तेजस रुमालानं मान पुसत होता. त्याची बायको वृषाली माझ्याकडे अशी बघत होती, की मी जणू फुटलेली प्रश्नपत्रिका विकायला आले आहे.

"ताई, सहा घरं झाली," तेजस म्हणाला. "सातव्यात काय वेगळं होणार?"

"सहा घरं तू तुझ्या अकलेनं बघितलीस. हे माझ्या अकलेनं बघ."

"आणि ते विचारलंच तर?"

"विचारणार नाहीत. घरवाले कॉलेजात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. अशा माणसांना आडनाव विचारायची लाज वाटते. ते गाव विचारतात."

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. तेव्हा मी जुन्या फ्लॅटांची खरेदी-विक्री करून देत असे. एका झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बाजूला माझं टेबल होतं, आणि टेबलावर एक लांबट वही. बाकीचे एजंट वहीत घरं लिहीत, मी माणसं लिहायचे. अमुक काकांना आपल्या बागेचं कौतुक केलेलं आवडतं. तमुक बाईंच्या देवघराकडे पाठ करून बसायचं नाही. एका फ्लॅटवर दहा गिऱ्हाइकं तुटून पडत, तेव्हा पैसा सगळ्यांचा सारखाच असे. घर कुणाला मिळायचं ते शेवटी घरवाल्याच्या मर्जीवर ठरे, आणि ती मर्जी कमावून द्यायचा माझा धंदा.

आडनावांचं मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी हेमलता गुरव. माझ्या आडनावाला लोकांच्या घरात खुर्ची मिळते, पाट मिळत नाही. तेजसचं आडनाव सोनकांबळे. त्याला खुर्चीसुद्धा मिळत नव्हती. पहिल्या घरी सगळं ठरल्यावर घरवाल्यांना एकदम आठवलं, की फ्लॅट भाच्याला द्यायचा आहे. दुसरीकडे गुरुजींनी सांगितलं, यंदा वास्तू विकायचा योग नाही. तो योग पुढच्याच रविवारी पेपरातल्या छोट्या जाहिरातीत छापून आला. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सहाव्या घराची कारणं मी सांगत बसत नाही, ती याहून कमी कल्पक होती.

आणि या दोघांना घर हौसेनं नको होतं. तेजसच्या वडिलांचा एक पाय साखरेच्या आजारानं गुडघ्याखाली कापला होता. ते तिघं भाड्यानं चौथ्या मजल्यावर राहत, इमारतीला लिफ्ट नव्हती. आठ महिन्यांत म्हातारे फक्त दवाखान्यासाठी खाली उतरले होते, तेही खुर्चीत बसून, एका बाजूला तेजस आणि दुसऱ्या बाजूला रोजंदारीवर बोलावलेला हमाल. "खाली मातीवर एकदा पाय टेकवायचाय, एकच उरलाय तर एकच," असं ते हसत म्हणत, आणि ते हसले की वृषाली आत निघून जाई.

खासनीस सरांचा फ्लॅट तळमजल्यावर होता. पुढे चार पावलांचं अंगण, दिवसभर पाणी, कागदपत्रं स्वच्छ. सर आणि काकू मुलाकडे बंगळुरूला निघाले होते. बासष्ट लाख सांगत होते. एक हार्डवेअरवाला साठ रोख घेऊन बसला होता, आणखी तिघं रांगेत होते.

"चला," मी म्हणाले. "पुस्तकांकडे बघा, भिंतीच्या ओलीकडे बघू नका."

सरांनी स्वतः दार उघडलं. खादीचा झब्बा, कपाळावर चष्मा, आणि भिंतीवर ओळीनं समाजसुधारकांच्या तसबिरी. सगळ्यांना हार घातलेले.

"बसा, बसा. मी पैसा बघणारा माणूस नाही," ते पहिल्या वाक्यात म्हणाले. माझा अनुभव असा, की हे वाक्य जो न विचारता म्हणतो, त्याच्यासमोर मोजताना बोटाला थुंकी लावावी. "घर योग्य हातांत जायला हवं, एवढंच. तुम्ही काय करता?"

"मी तेजस. वीज कंपनीत ज्युनिअर इंजिनिअर. ही वृषाली, फिजिओथेरपिस्ट. स्टेशनजवळ तिचं लहानसं क्लिनिक आहे."

"गाव कुठलं?"

मी तेजसकडे बघितलं. सांगितलं नव्हतं का?

"उदगीर."

"वा! किल्ला! इतिहास!" सर खूश झाले आणि पुढं काही विचारलं नाही.

तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. ट्रे त्यांनी डाव्या हातावर तोलला होता, उजवा हात अंगाशी चिकटलेला. वृषाली चटकन उठली.

"काकू, खांदा आखडलाय का?"

"वर्ष झालं गं. केस विंचरता येत नाहीत की वरचा डबा काढता येत नाही. ती दाराची वरची कडी बघ. जड आहे, डाव्या हातानं सरकत नाही, यांनीच लावायची. तळमजल्याचं घर, हे व्याख्यानाला गेले की मी नुसत्या खालच्या कडीवर जीव मुठीत धरून बसते."

"बघू?" वृषालीनं त्यांचा हात हलकेच धरला, कोपरातून वळवला, थोडा वर नेला. काकूंनी ओठ आवळले. "सुटेल हा. पण रोज व्यायाम करावा लागेल. मी शिकवते. आपण असं ठरवू, ज्या दिवशी तुमचा हात त्या वरच्या कडीला पोचेल, त्या दिवशी तुम्ही बऱ्या."

हे मी शिकवलं नव्हतं. पण मी लबाड बाई, घरी जाऊन वहीत टिपलं: खासनीस, तळमजला, खांदा. आणि खाली दोन रेघा ओढल्या.

तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. "गुरवबाई, मुलं गोड आहेत. माझ्याकडून बासष्टला होकार समजा. फक्त टोकनचे पैसे गणपती झाल्यावर घेऊ. हिची गडबड असते."

गणपती झाले. पितृपक्ष लागला.

"पितृपक्षात कुणी टोकन घेतं का हो?" सर म्हणाले. "मी असलं काही मानत नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण हिच्या मनात उगीच शंका नको."

पितृपक्ष संपला, नवरात्र बसलं. काकूंचे नऊ दिवस उपास. "उपासाच्या अंगानं सह्या नकोत म्हणते. दसऱ्याला टोकन. पक्कं!"

या दीड महिन्यात वृषाली आठवड्यातून तीन दिवस, क्लिनिक उघडायच्या आधी, सकाळी सातला दोन रिक्षा बदलून तिकडे जात होती. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, दोरीला हात बांधून ओढायचा, शेकायचं, चोळायचं. भिंतीवर तिनं पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. काकूंची बोटं रोज कुठवर पोचली, त्याच्या बारीक बारीक रेघा, तारखांसकट. काकूंनी पैशाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घरातल्यांकडून घेतात का?" काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझी लेकच आहेस गं तू." सरांनी तेजसला स्वतः लिहिलेलं जातिअंतावरचं छोटं पुस्तक सही करून दिलं. 'प्रिय तेजस यास, नव्या समाजाच्या अपेक्षेने.' त्यानं ते खाकी कव्हर घालून ठेवलं.

मध्ये कळव्याला तळमजल्याचा एक फ्लॅट आला. माझ्याच हातात होता, मालक घाईत होता.

"ताई, हा घेऊन टाकू का?" तेजसनं विचारलं.

"वेडा आहेस? खासनीसांचा होकार आहे. असा फ्लॅट आणि अशी माणसं परत मिळतील का?"

कळव्याचा फ्लॅट चार दिवसांत गेला. तेवढ्यात त्यांच्या घरमालकानंही महिन्याभरात जागा सोडायला सांगितलं, ते वृषालीनं काकूंच्या कानावरही घातलं. तरी मला घोर नव्हता. वहीत मी सोनकांबळ्यांच्या नावासमोर बरोबरची खूण करून टाकली होती.

नवमीच्या संध्याकाळी सरांनी आम्हाला बोलावलं, 'उद्याचं नक्की करून टाकू' म्हणाले. तेजसनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. वृषालीनं काकूंसाठी राजगिऱ्याचे लाडू नेले होते. काकूंनी दारातच तिला हात करून दाखवला. उजवा हात कानाच्या वर, अगदी सरळ.

"चार बोटं राहिली कडीला! बघ!"

"चार नाही काकू, दोनच. आणि टाचही उचलली नाहीत."

हसत हसत आम्ही बसलो. सरांनी डायरी उघडली.

"तर उद्या टोकन. मुहूर्ताचं मला काही नाही, पण दिवस चांगला आहे. आणि तुमचाही मोठा दिवस ना तो?" त्यांनी चष्म्यावरून तेजसकडे प्रेमानं बघितलं. "नागपूरला नाही ना जाणार? जाणार असाल तर टोकन आजच उरकून घेऊ. दीक्षाभूमीला फार गर्दी असते म्हणतात."

दीड महिना आम्ही जे तोंडात धरून बसलो होतो, ते सरांनी न विचारताच लाडवांच्या डब्याशेजारी काढून ठेवलं.

"सर, तुम्हाला माहीत होतं?" तेजसनं विचारलं.

"अहो, पहिल्या आठवड्यातच! हिचा हात कुणाच्या हाती देतोय, याची चौकशी नको करायला? क्लिनिकला फोन केला. पलीकडून मुलगी म्हणाली, डॉक्टर वृषाली सोनकांबळे." सर हसले. "तीस वर्षं समाजशास्त्र शिकवलंय. लपवायचं कशाला? माझ्याकडे? आम्ही असलं मानत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. कबूल करते, मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. तेजसचे खांदे एक वीतभर खाली आले.

"फक्त," सर म्हणाले.

माझ्या धंद्यात मी एवढं शिकले आहे, की सौदा मोडतो तो 'नाही'नं मोडत नाही. 'फक्त'नं मोडतो.

"फक्त व्यवहार म्हणून एक बोलतो. मी मानत नाही, पण लोक मानतात. सोसायटीत चाळीस वर्षांचे संबंध आहेत माझे. उद्या पाच जण विचारतील, खासनीस, हे काय केलंत? ते बोलणं मी ऐकणार. माझ्या जागी दुसरा असता तर त्यानं दारातूनच वाटेला लावलं असतं, हे तुम्हाला अनुभवानं माहीत आहे. मी घर देतोय. तर त्या धक्क्याचं काहीतरी धरायला हवं. सहासष्ट करू."

"बासष्ट ठरलं होतं, सर," तेजस म्हणाला.

"ठरलं होतं. पण तेव्हा तुम्ही तरी सगळं कुठं सांगितलं होतं? आणि वडिलांसाठी तळमजला तुम्हाला हवाच आहे. मी तुमच्याच बाजूनं विचार करतोय. आता परत किती दारं हिंडणार?"

म्हणजे माणसाला सगळं माहीत होतं. आडनाव, वडिलांचा पाय, घरमालकाची मुदत. आणि हे माहीत असताना दीड महिना तो गणपती, पितर आणि नवरात्र एकेक करून पुढं ढकलत होता. खांदा सुटेपर्यंत. तळपायाची आग मस्तकाला जावी असा तो क्षण होता. कुणाही धड माणसाची गेली असती.

मी काय केलं? मी घसा साफ केला आणि म्हणाले, "सर, चार फार होतात. मुलं तरुण आहेत. दोनवर आणा."

"दोन?"

"चौसष्ट. माझ्या शब्दाखातर."

सरांनी डायरीत काहीतरी खरडलं, काकूंकडे बघितलं, सुस्कारा सोडला. "ठीक आहे. तुम्ही म्हणता म्हणून. चौसष्ट."

आणि खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात मी माझी पाठ थोपटली. चाराचे दोन करून आणले! इतकी वर्षं झाली, पण तो आनंद आठवला की अजून तोंड कडू होतं. एका माणसानं दुसऱ्याच्या जन्माला भाव लावला, आणि मी त्यात निम्मी सूट मिळवून दिली म्हणून खूश होते.

तेजस मान खाली घालून होता. मग हळूच म्हणाला, "वृषाली, देऊन टाकू. बाबा..."

"देऊ शकतो आपण," वृषाली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तिनं कुठलंही बिल समजावून सांगावं तसं सांगितलं. "दोन लाखांना महिन्याला दोन हजारांच्या आसपास हप्ता बसतो. वीस वर्षं. म्हणजे दर महिन्याच्या पाच तारखेला आपण कोण आहोत, त्याचा हप्ता भरायचा. बाबा अंगणात बसलेले असतील आणि आपण तो भरत असू. सांगशील त्यांना, हे दोन हजार कशाचे जातात ते?"

तेजसनं वर बघितलं. बराच वेळ तो भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा बघत होता. मग त्यानं पिशवीतून खाकी कव्हरचं पुस्तक काढलं.

"सर, तुमचं पुस्तक मी दोनदा वाचलं."

"हो?" सर पुढे सरकले. चेहरा उजळला. "कसं वाटलं?"

खरंच विचारलं त्यांनी. माझ्या कानांनी ऐकलं मी.

तेजसनं पुस्तक टीपॉयवर ठेवलं. "परत करतोय," एवढंच म्हणाला आणि उठला.

"हे बघा, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका," सर म्हणाले. "गुरवबाई, तुम्ही सांगा यांना. मी तोट्यात जाऊन देतोय. उद्या तो हार्डवेअरवाला साठ..."

"साठलाच द्या मग त्याला," मी म्हणाले. एवढंच सुचलं, आणि तेही तीन मिनिटं उशिरा.

काकू इतका वेळ लाडवांच्या डब्यावर हात ठेवून बसल्या होत्या. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील. दीड महिना लेक म्हणत होत्या. बोलल्या त्या.

"अगं, पण सोमवारी येशील ना? तू म्हणालीस, दोनच बोटं राहिलीत."

वृषालीनं त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, ही आता डबा उचलेल, नाही तर फाडकन काहीतरी बोलेल. तिनं काकूंचा उजवा हात धरला, खांद्यावर बोटं दाबून बघितली, आणि हात सावकाश खाली ठेवला.

"काकू, आता तुमचं तुम्हाला जमेल."

आम्ही बाहेर आलो.

त्यांना पुढं घर मिळालं. दिवा स्टेशनाजवळ, तेही पहिल्या मजल्यावर. तिथं वडिलांना खाली आणायला शेजारचा एक फळवाला न बोलावता येत असे. ते घर मी मिळवून दिलं नाही, वर्तमानपत्रातली जाहिरात बघून त्यांनी स्वतःच शोधलं. दारावर पाटी लावली ती पूर्ण आडनावासकट आणि हातभर लांब, असं मी ऐकलं. मला गृहप्रवेशाला बोलावलं नाही. का बोलावतील? त्या वर्षाअखेर मी ती वही बंद केली. धंदा केला आणखी काही वर्षं, पण गिऱ्हाइकाला फाटकाबाहेर उभं करून कधी पढवलं नाही.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही तिघं पायरीवर चपला घालत होतो. मला काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी म्हणाले, "वृषाली, मी आपली तुमचं नुकसान होऊ नये म्हणून दोनवर..."

"हो ताई," ती म्हणाली. "छान घासाघीस केलीत."

मागं दार लागलं. खालची कडी सरकली, खट्ट. मग काही क्षण काहीच नाही. मग आतून पायांची चाळवाचाळव, बांगड्यांचा आवाज, आणि वर, अगदी चौकटीपाशी, लोखंडावर लोखंड घासल्याचा हळू, चाचपडत येणारा आवाज. एकदा चुकला. दुसऱ्यांदा बसला.

खट्ट.

वृषाली एक चप्पल हातात धरून तशीच थांबली. मान तिरकी करून तिनं तो आवाज पूर्ण ऐकून घेतला.

"लागली," ती म्हणाली. "हात पूर्ण वर गेला."

मग तिनं चप्पल पायात सरकवली आणि माझ्याकडे वळली.

"त्यांना निरोप द्या ताई. रोज दहा वेळा लावा म्हणावं. सवय मोडली की परत आखडतो."